जहाजावर न चढलेली चपटी

आधी दुरुस्ती. मागच्या लेखात मी लिहिलं होतं की क्रूझवर सोबत नेलेली दारू बंदरावरच काढून घेतात आणि ती परत मिळत नाही. यातलं पहिलं बरोबर आहे, दुसरं चूक. आम्ही ज्या जहाजाने गेलो तिथे बाटली जमा करून घेतात, तिच्यावर नंबराची चिठ्ठी लावतात आणि परतीच्या दिवशी उतरताना एका टेबलावर परत देतात. लेख वाचून अंबाजोगाईच्या एका ताईंनी तसं कळवलं. मग मी कंपनीला मेल पाठवून खात्री करून घेतली. कुणी न नेलेल्या बाटल्या काही दिवसांनी नष्ट करतात. प्रत्येक कंपनीचा नियम वेगळा असतो, काही जण वाइनची एखादी बाटली वर नेऊही देतात, तेव्हा तिकीट काढण्याआधी विचारा. माझ्या लेखावर विसंबून कुणी आपली बाटली बंदरावर सोडून आलं असेल तर मी त्यांची माफी मागते.

आम्हीही सोडून आलो. मागच्या वेळी ती बाटली एका ओळीत उरकली होती. म्हणून हा प्रवास पुन्हा लिहिते आहे.

अण्णा, म्हणजे माझे वडील, लातूरच्या आडत बाजारात हमाली करत आले. तुरीची, हरभऱ्याची, सोयाबीनची पोती. कुण्या आडत्याने एकदा त्यांना सांगितलं होतं की इथली डाळ जहाजातून दुबईला जाते. तेव्हापासून ट्रक भरून निघाला की अण्णा पाठीवरचं पोतडं झटकत म्हणायचे, "चालली जहाजात." लहानपणी मला वाटायचं, जहाज औशाच्या पलीकडे कुठेतरी उभं असणार. दहावीच्या पुढे शिकलेली घरात मी पहिलीच. आता नांदेडला एका पॅथॉलॉजी लॅबमध्ये टेक्निशियन आहे. थोडे पैसे साठले तेव्हा दुसरं काही सुचलंच नाही. दिवाळीनंतरची दोन रात्रींची सहल ठरवली: मुंबईहून निघायचं, समुद्रात एक दिवस काढायचा आणि मुंबईलाच परत यायचं. एका केबिनमध्ये तिघं राहिलात तर तिसऱ्या माणसाला बरीच सवलत मिळते, हे लक्षात ठेवा.

नांदेडहून लोहा, अहमदपूर करत एसटीने लातूर गाठलं. रस्ता आता बरा आहे, तरी साडेतीन तास धरून चाला. रेणापूरजवळच्या आमच्या गावाहून माय आणि अण्णा थेट स्टेशनवर आले होते. मायकडे धपाट्यांचा डबा आणि शेंगाची चटणी, अण्णांच्या अंगात नवा पांढरा शर्ट. रात्रभराच्या गाडीने सकाळी मुंबई. स्टेशनपासून बंदर टॅक्सीने अगदी जवळ आहे. घरचं खाणंही जहाजावर नेऊ देत नाहीत, हे मी आधी वाचलं होतं. त्यामुळे बंदराबाहेरच्या बाकावर बसून आम्ही डबा रिकामा केला. उरलेली दोन धपाटी मायने टॅक्सीवाल्याला दिली.

तपासणी विमानतळासारखी असते. बॅगा यंत्रातून जातात आणि खिशातलं सगळं ट्रेमध्ये काढून ठेवावं लागतं. अण्णांनी मोबाइल ठेवला, कंगवा ठेवला. मग शर्टाची वरची दोन बटणं सोडली, आतल्या बंडीच्या खिशात हात घातला आणि एक चपटी काढून ट्रेमध्ये ठेवली. देशी दारूची काचेची लहान बाटली. झाकण बंद होतं. लेबल घासून घासून पांढरं पडलं होतं, एक अक्षर वाचता येत नव्हतं.

मी मायकडे पाहिलं. माय छताकडे बघत होती.

"काका, ही वर नाही जाणार," तपासणीवाला पोरगा म्हणाला.

"प्यायची न्हाई ओ साहेब ती."

"मग आणली कशाला?"

अण्णा शर्टाची बटणं लावायला लागले. मागच्या रांगेत कुणीतरी हसलं. अण्णांनी दारू सोडली तेव्हा मी अकरावीला होते, शिकायला घराबाहेर पडले होते. सोडली हे मला मायने फोनवर सांगितलं होतं आणि इतकी वर्षं मी ते खरं धरून चालले होते. त्या ट्रेपाशी मला वाटलं, आपल्याला सगळ्यांनी मिळून फसवलं. पोऱ्याने बाटलीवर चिठ्ठी चिकटवली, तिचा जोड तुकडा अण्णांच्या प्रवेशपत्राच्या मागे लावला आणि म्हणाला, "जमा राहील." मी पुढचं काही विचारलं नाही. एरवी रक्ताच्या नळीवरचं नाव मी तीनदा वाचते. त्या दिवशी ती चिठ्ठी एकदाही वाचली नाही.

मग जहाज आलं. म्हणजे ते आधीपासून तिथेच होतं, फक्त मला वाटत होतं ती भिंत आहे. पांढरी, खिडक्याच खिडक्या असलेली, वर मान केली तरी न संपणारी. अण्णा खाली उभे राहून कितीतरी वेळ बघत होते. "सारा बाजार मावंल हिच्यात," ते म्हणाले. "आडत्यासकट."

केबिन मी स्वस्तातली घेतली होती, बिनखिडकीची. हे करू नका. माय दर थोड्या वेळाने विचारायची, "समुद्र कोन्या बाजूला हाय गं?" आणि मी बोट दाखवलं की त्या भिंतीकडे तोंड करून बसायची. जेवण तिकिटातच येतं, आणि ज्वारीची भाकरी सोडली तर सगळं मिळतं. दारू, थंड पेयं, वरचा चहाकॉफीचा चोचला यांचे पैसे वेगळे. तिथे नोटा चालत नाहीत, गळ्यातलं कार्ड दाखवायचं.

जहाज हललं तेव्हा कळलंच नाही. आम्ही वरच्या डेकवर कठड्याला टेकून उभे होतो आणि मुंबईच हळूहळू मागे सरकायला लागली. ऊन उतरलं. पाण्याचा रंग आधी मळलेल्या तांब्यासारखा, मग गुळाच्या पाकासारखा झाला. किनारा रेघेइतका उरला, मग तीही रेघ कुणी ओल्या बोटाने पुसल्यासारखी गेली. माझ्या पोटात राग तसाच होता, पण तो कुठल्या तरी लांबच्या खोलीत चालू राहिलेल्या पंख्यासारखा वाटत होता. मायने पदर डोक्यावरून घट्ट घेतला आणि म्हणाली, "काहीच न्हाई की हितं. किती छान."

त्या डेकवर खत-बियाण्यांच्या दुकानदारांचा एक मोठा कंपू होता. कंपनीने विक्रीचं बक्षीस म्हणून त्यांना आणलं होतं. सगळे आपल्याकडचेच, परभणी, जालना, हिंगोली. अण्णांचं एक वाक्य कानावर पडायचा अवकाश.

"लातूरचे का ओ मामा? या की मग, बसा."

अण्णा बसले. मी आणि माय शेजारच्या टेबलावर. त्यांच्यातल्या एका गोलमटोल दुकानदाराने पेला पुढे सरकवला.

"घ्या मामा."

"नको."

"नको कसं? कंपनीचं हाय, फुकटचं."

"न्हाई ओ."

"अहो समुद्रात कोन बघतंय तुमाला? मामी बघत असतीन तर आमी मधी उभं ऱ्हातो."

सगळे हसले. पेला आणखी पुढे सरकला. अण्णांचा हात शर्टावर गेला, बंडीच्या खिशाच्या जागी, आणि तिथेच थांबला. मी तो हात पाहत होते. बोटं कापडावरून दोनदा फिरली.

"आपली आपल्याकडं हाय," अण्णा म्हणाले.

"कुठं हाय? काढा की."

अण्णांनी गळ्यातलं प्रवेशपत्र उलटं करून मागची चिठ्ठी दाखवली. "खाली जमा हाय. नंबर हाय बघा."

त्यांनी वाकून नंबर वाचला. मग तो गोलमटोल दुकानदार इतका हसला की त्याला खोकला आला. "मामांनी घरची आनली जहाजात. कंपनीची चालंना त्यास्नी." चिठ्ठी सगळ्यांच्या हातांतून फिरून आली. कुणीतरी अण्णांसाठी लिंबू सोडा मागवला आणि मग बोलणं सोयाबीनच्या भावावर गेलं.

"काय बघलालीस?" माय मला म्हणाली.

"रोज पितात का?"

मायने माझ्याकडे अशी नजर टाकली जशी ती कच्ची राहिलेली भाकरी उलटताना टाकते. "त्ये झाकन बघितलीस का तू? मोडलंय का?" मग हळू आवाजात सांगत गेली. "सोडली त्या दिवशी आनलेली शेवटची हाय ती. बाजारात, लग्नात, मयतीला, कुठंबी जा, मानसं म्हनत्यात घे. सोडली म्हनलं की तर जास्तच मागं लागत्यात. ह्ये म्हनतेत, आपली आपल्याकडं हाय. खिशावर हात मारला की सोडून देतेत. आपली असल्यावर दुसऱ्याची कशाला घेईल मानूस?"

"आणि तू मला सांगितलं नाहीस."

"तू इचारलीस कधी?"

दुसरा दिवस सगळा समुद्राचा. सकाळी मी डेकवर गेले तर अण्णा आधीच तिथे होते, खुर्ची कठड्याला लावून. ऊन कोवळं होतं आणि पाणी इतकं सपाट की जहाज चाललंय की समुद्रच खालून सरकतोय ते समजत नव्हतं. मध्येच लहान मासे पाण्यातून उडायचे आणि पुन्हा आत जायचे, मुठीतून बी फेकल्यासारखे. मी शेजारी बसले. माफी कशी मागायची ते मला येत नव्हतं, म्हणून चहा आणला.

"लई जपून चाललंय जहाज," अण्णा म्हणाले. "भरलेल्या पोत्याच्या मानसावानी."

चहा संपल्यावर पुन्हा बोलले. "हात खिशात गेला की काचेला लागायचा. आता कापडालाच लागायलाय."

त्या संध्याकाळी ते डेकवर आले नाहीत. पाय दुखतो म्हणाले. दुकानदारांनी दोनदा विचारलं, "मामा कुठंयत?" मी आणि मायने सूर्य बुडताना पाहिला. दूरवर मासेमारीच्या होड्यांचे दिवे लागले, तूर राखायला शेतात बसलेल्या लोकांच्या बॅटऱ्यांसारखे, एकमेकांपासून लांब लांब. मायने बिनखिडकीच्या खोलीत जाऊन अण्णांना ते सगळं सांगितलं. ते भिंतीकडे बघत ऐकत होते.

तिसऱ्या दिवशी सकाळी उतरताना एका टेबलावर बाटल्या मांडलेल्या होत्या आणि पुढे रांग होती. मला वाटलं, विमानतळावर असतं तसं ते परदेशी दारूचं दुकान असेल. मी मायचा हात धरला, अण्णांना म्हटलं चला, आणि भराभर पुढे निघाले. अण्णांनी एकदा मागे वळून पाहिलं. माझी पोरगी शिकलेली आहे, तिला माहीत असणार, असं त्यांना वाटलं असेल.

परतीचा प्रवास जाताना केला तसाच, फक्त डबा रिकामा. लातूरला उतरल्यावर अण्णा आडत बाजारात जाऊन आले आणि जुन्या जोडीदारांना जहाज सांगून आले. माझ्यापाशी समुद्र अजून आहे. नांदेडला लॅबमध्ये यंत्र गरगरायला लागलं की कधी कधी पायाखालची फरशी अगदी थोडी, जपून, सरकते.

परवा मायचा फोन आला. "तुझा बाप येळवशीला येत न्हाई म्हनतोय."

लातूरबाहेरच्या वाचकांसाठी: मार्गशीर्षातल्या वेळा अमावस्येला आम्ही येळवस म्हणतो. सारं गाव शेतात जातं. कडब्याची खोप करून पूजा, मग भज्जी, आंबील, बाजरीचे उंडे. दुपार कलली की पुरुषमंडळी ट्रॅक्टरच्या आडोशाला जमतात आणि तिथे काय चालतं ते सगळ्यांना माहीत असतं. अण्णांनी येळवस कधी चुकवली नव्हती. काकाच्या शेतावर खोप बांधायचा मान त्यांचा.

मी अण्णांना फोन द्यायला सांगितलं.

"गुडघा धरलाय," ते म्हणाले.

"अण्णा, दुसरी एक घ्या की. तशीच ठेवायला."

"मी जाऊन घेतली की ती प्यायचीच असती," अण्णा म्हणाले. "त्या गल्लीत पाय न्हाई घालायचा मला."

"मी आणली तर?"

त्यांच्या मागे माय म्हणत होती, "पोरीच्या जातीनं असल्या दुकानात उभं ऱ्हायचं? लोक काय म्हनतील?" मी म्हटलं, नांदेडला मला कोण ओळखतं. हे खोटं आहे, लॅबमुळे निम्मा मोहल्ला ओळखतो.

"तू कशाला जातीस असल्या जागी," अण्णा म्हणाले. मी म्हटलं, गुरुवारी आणते. फोन ठेवायच्या आधी म्हणाले, "झाकन बघून घे. शिक्का मोडलेला नको."

मी सगळं विचारून ठेवलं आहे. मी सव्वीस वर्षांची आहे, म्हणजे वयाच्या नियमात बसते. परवाना लागतो. एका दिवसाचा दुकानातच मिळतो म्हणतात, तो मी मागून घेणार आहे आणि जपून ठेवणार आहे. बाटली काचेची हवी, प्लॅस्टिकची हाताला लागत नाही. एसटीत ती पर्समध्ये सर्वात खाली, टॉवेलात. काय मागायचं ते वाक्य मी दोनदा आरशासमोर म्हणून पाहिलं आहे. तिसऱ्यांदा हसू आलं.

येळवस शुक्रवारी आहे. मी गुरुवारी सकाळी, दुकान उघडलं की जाणार.