तंत्रज्ञांची संख्या : एक

आमच्या धंद्याला काय म्हणायचं हे आम्हालाच धड माहीत नव्हतं. दौंडात पत्र्याची एक खोली, पुढच्या अर्ध्यात दुकान, मागच्या अर्ध्यात संसार, मध्ये जुन्या लुगड्याचा पडदा. विहिरीवरच्या जळालेल्या मोटारी आम्ही भरून द्यायचो. भरायच्या म्हणजे आतली जळकी तांब्याची तार काढायची आणि नवी तार, मोजून तेवढेच वेढे घेऊन, खाचांत बसवायची. खेड्यांत वीज नवीनच आलेली, व्होल्टेज कधी पडेल याचा नेम नसायचा, म्हणून पार न्हावऱ्याहून एसटीच्या टपावर मोटारी यायच्या. लोक म्हणायचे, 'मोटारवाल्याचं दुकान.'

मोटार उघडायची, बेअरिंग बसवायचं, गिऱ्हाइकाशी बोलायचं ही यांची कामं. पुण्याच्या एका कारखान्यात चार वर्षं काढून यांनी ही विद्या आणली होती, ते मी कमी लेखत नाही. पण तिथंच यांचा अंगठा मशीनमध्ये सापडला आणि बारीक तार काही केल्या हातात ठरेना. म्हणून लग्नाच्या दुसऱ्या वर्षी ती माझ्या हातात आली. सुरुवातीला मी तीन मोटारी जाळल्या. हे रागावले नाहीत, पण त्या त्या दिवशी न बोलता जेवले. पुढं हात बसला. कुठल्या मोटारीला किती नंबरची तार, किती वेढे, हे मी वहीत उतरवू लागले. मोटारी बनवणारे हे कुणाला सांगत नाहीत. जळकी मोटार उलगडून एकेक वेढा मोजावा लागतो, डोळे फुटायची वेळ येते. सातवीपर्यंतच्या शाळेचा मला झालेला उपयोग तो एवढाच.

गिऱ्हाइकाला यातलं काही ठाऊक नव्हतं. मी पडद्यामागं. तार भरून झाली की वॉर्निश लावून मोटार शेगडीवर वाळवायची, आणि मग त्याच शेगडीशेजारी स्वयंपाक. भाकरीला वॉर्निशचा वास यायचा. मुलगी तीन वर्षांची होती, सारखी खोकायची. त्यामुळे शिरूरला सरकारी योजनेत लहान उद्योगांसाठी गाळे मिळणार म्हणून ऐकलं, तेव्हा मी यांच्या मागंच लागले. मला दागिना नको होता, लुगडं नको होतं. बिऱ्हाड शिरूरला हलवावं, धंदा गाळ्यात जावा आणि घरात नुसतं घर असावं, एवढंच हवं होतं.

पण गाळा मिळणार तो फक्त 'तांत्रिक उद्योगा'ला. शेजारच्या मामांनी अर्ज पाहून विचारलं, "तांत्रिक? म्हंजी आता अंगारा-धुपारा बी करणार का काय?" आम्ही पोट धरून हसलो.

मग पाहणीला पुण्याहून साहेब आले. भला माणूस. ड्रिल, हातानं फिरवायचं वाइंडिंग मशीन, पान्हे, सगळ्याच्या किमती त्यांनी एका कागदावर मांडल्या आणि मान हलवली. "यंत्रांवर धरलं, तर हे सायकलच्या दुकानाच्या वर्गात बसतं," ते म्हणाले. मग त्यांच्या हाताला वही लागली. ते पानं उलटत राहिले.

"किती मोटारींची आहे ही?"

"भरल्या तेवढ्या समद्या हायेत त्यात," हे म्हणाले.

"अहो, मग तुमचा धंदा हा आहे. पुण्याचा एखादा वर्कशॉपवाला ही वही डोळे मिटून विकत घेईल. पण माझ्या फॉर्मात वहीला रकाना नाही, त्याला मी काय करू?" त्यांनी जरा विचार केला. "एक वाट आहे. यंत्रं कमी असली तरी काम जाणणारी दोन माणसं असतील, तर तांत्रिक म्हणून शिफारस करता येते. तुम्ही एक. दुसरं कोण?"

मी चहा घेऊन पडद्याशी आले होते. यांनी माझ्याकडं पाहिलं. मी यांच्याकडं पाहिलं.

"कुनी न्हाई, साहेब. मी एकटाच."

"अक्षर मात्र बाईचं वाटतं."

"तसंच येतं माझं."

मी चहा ठेवला आणि आत गेले. संताप संताप झाला होता. पण तोंड मलाही होतं, आणि मीही ते उघडलं नाही. हे मला आजही डाचतं.

महिन्याभरानं पत्र आलं. तंत्रज्ञांची संख्या : एक. अर्ज नामंजूर, आणि त्या गाळ्यांसाठी पुन्हा अर्ज करता येणार नाही. यांनी ते मोठ्यानं वाचलं.

"का न्हाई सांगितलंत?" मी विचारलं.

"लोकं काय म्हणली असती? बायकोच्या जिवावर खातो म्हणली असती."

"खाताच की मग."

कधी नव्हे ते मी बोलून गेले. हे उठून बाहेर गेले. न्हावऱ्याच्या एका आबांची मोटार भरायला आली होती, तिला मी हात लावला नाही. ठरवून नाही, हातच उचलेना. थकले होते मी. दुसऱ्या दिवशी हे स्वतः तार घेऊन बसले. तार दोनदा तुटली. पडद्याआड मला ऐकू येत होतं, आणि मी भाकऱ्या थापत राहिले.

तिसऱ्या दिवशी आबा आले. "मालक, ऊस वाळाया लागला. कवा मिळंल मोटार?"

यांनी हातातली तुटकी तार खाली ठेवली. मग खाली बघत म्हणाले, "मला न्हाई सांगता येणार. आत इचारा."

"आत? आत कुनाला?"

हे उठले आणि पडदा बाजूला केला. "हिला. मोटारी हीच भरती."

आबांनी मला पहिल्यांदाच नीट पाहिलं. मी त्यांच्या नातीच्या वयाची असेन. तरी ते म्हणाले, "कवा देता, बाई?"

"उद्या दुपारी," मी म्हटलं, आणि मला रडूच कोसळलं. आबांना वाटलं, त्यांचंच काही चुकलं. हे मात्र माझ्याकडं बघेनात. 'मोटारी हीच भरती,' हीच एक ओळ साहेबांपुढं बोलायची होती. यांनी, नाहीतर मी.