सोवळ्यातला सोडा

…आणि म्हणूनच ब्रह्मा घाटावर सोडा मागायची रीत न्यारी, हे काल सांगायचं राहिलं. जेवणं झाली की वैदिक मंडळी पोटावरून हात फिरवत यायची, "यज्ञेश्वरा, एक ढेकर दे रे!" सोडा छावणीत साहेबांकडेही मिळे, पण तो कुठल्या पाण्याचा, कुणाच्या हातचा, कोण जाणे! यज्ञेश्वर पहाटे गंगेत बुडी मारायचा, ओलेत्यानं पाणी आणायचा, सोवळं नेसून तांब्याचं पिंप भरायचा आणि चाक फिरवून त्यात वायू कोंबायचा. यंत्र विलायती, सोडा मात्र सोवळ्यातला!

पिंपाच्या झाकणावर एक झडप होती. आत दाब फार झाला की ती आपोआप उचलायची आणि फुस्स करून जादा वायू सोडून द्यायची. यज्ञेश्वराचं सगळं काम कानावर. फुस्स ऐकलं की हात थांबला.

आता गंमत अशी की त्या झडपेखाली चामड्याची चकती होती. चामडं! घाटावर कळतं तर लोकांनी आधी त्याला गंगेत बुडवलं असतं आणि मग पिंपाला. ठाऊक होतं दोघांनाच, त्याला आणि भागीदार बिंदुमाधवाला. बिंदुमाधव मावसभाऊ, एका ताटात जेवून वाढलेला. "काळजी नको, दादा. माझ्या जिभेला हाड आहे," तो म्हणायचा.

श्रावणात मंगळागौरीचं जेवण निघालं, मंगला गौरीच्या देवळाजवळ. मांडवात यज्ञेश्वरानं चाक धरलं. फिरवतोय, फिरवतोय, घाम गळतोय, पण फुस्स होईना.

"बिंदू, गॅस कम है क्या रे?"

शेजारी द्रोण मांडत असलेल्या बिंदुमाधवानं वर पाहिलंच नाही. "फिरव, फिरव. भरलं नसेल अजून."

भावाचा शब्द! यज्ञेश्वरानं आणखी जोर लावला आणि धडाम! झाकण उडालं ते त्याच्या मनगटावर. पंगत उठून पळाली, एका गुरुजींचं पागोटं आमटीत पडलं. लोक हसावं की रडावं अशा अवस्थेत.

मोडलेला हात छातीशी धरून यज्ञेश्वर झाकणाजवळ बसला. झडपेत चकती नव्हतीच. तिथे जांभळं रेशीम ठासून भरलं होतं, वरून स्क्रू आवळलेला. सोवळ्यात नेसायचा जांभळा मुकटा घाटावर एकच होता, बिंदुमाधवाचा. मनगटाची कळ एकदम कुठल्या कुठे गेली. दुसरंच काही दुखायला लागलं.

तेवढ्यात जेवणाचे यजमान विश्वेश्वरशास्त्री आले. "काल मी बिंदुमाधवाला विचारलं, यंत्रात चामडं नाही ना? तो शपथेवर नाही म्हणाला. मग हे झालं कसं?"

"घाई, शास्त्रीबुवा," बिंदुमाधव पटकन बोलला. "मी कंठशोष करत होतो, दादा थांब, थांब! ऐकेल तर ना."

यज्ञेश्वरानं मान वर केली. बिंदुमाधवानं डोळ्यांनीच खुणावलं, गप्प बस. गप्प बसला तर यज्ञेश्वर निष्काळजी ठरणार, पण धंदा वाचणार. बोलला तर त्याच्या हातचं पाणीही पुन्हा कुणी घेणार नाही.

"खरं का रे, यज्ञेश्वरा?" शास्त्रीबुवांनी विचारलं.

यज्ञेश्वर उठून उभा राहिला आणि म्हणाला, "नाही, शास्त्रीबुवा. झडपेत चामडं होतं, पहिल्या दिवसापासून होतं, आणि ते मी तुमच्यापासून लपवलं. त्याचं प्रायश्चित्त सांगा, मी करतो. पण आपली शपथ खरी करायला ते काढून रेशीम कोंबलं बिंदूनं. मला नुसतं सांगितलं असतंस ना बिंदू, तर मी चाकाला हातसुद्धा लावला नसता."