देव वाड्यावर आहे

आईच्या एका वाक्यानं मला दोन वर्षं खुळ्यासारखं हिंडवलं. अर्धांगवायूनं तिची वाचा जवळजवळ गेली होती, तरी ती रोज अडखळत तेवढंच बोलायची, "द्येव वाड्यावर हाय. गाठ घाल." कुठला वाडा? वडील कचेरीत कारकून होते. पूर्वजांनी मेंढरं राखली, हा विषयसुद्धा ते घरात निघू देत नसत. आता ते राहिले नव्हते, आणि आईला पुढचं सांगता येत नव्हतं. मी देवाशी भांडायचो, अरे बाबा, पत्ता तरी धड दे की!

भावकीत कळलं, आमचं जुनं गाव इंदापूरकडं भीमेकाठी होतं, ते धरणात गेलं. म्हणजे वाडाही पाण्यात आणि देवही पाण्यात, असं मी ठरवून टाकलं. तरी चैन पडेना. नव्वद सालानंतरची गोष्ट. आमच्या बारामतीच्या शाळेनं मे महिन्यात शिक्षकांसाठी नदी बघायची सहल काढली, तेव्हा पहिलं नाव मी दिलं. उन्हाळ्यात पाणी उतरतं, न जाणो एखादी भिंत दिसेल.

वाट दाखवायला एक तात्या होते, जन्म मेंढरांमागं गेलेला. मी भूगोल शिकवतो, पण त्यांच्यापुढं माझी पाटी कोरी. उघड्या पडलेल्या गाळावर लोक गाळपेर कशी करतात, धरणात चिलापी हा परका मासा माजल्यावर जुने मासे कसे दिसेनासे झाले, मेंढरं बसवलेलं रान कसं पिकतं, सगळं ते चालता चालता सांगत होते. "धरणाच्या आदी नदीला पायी वलांडायचा उतार कुठं हाय, ते आमच्या मेंढरास्नी ठावं असायचं," म्हणाले. माझं ध्यान मात्र पाण्याबाहेर आलेल्या दगडांवर. शेवटी न राहवून विचारलं, "तात्या, इथं आमचा वाडा होता म्हणे. आईचा देव तिथं आहे. कुठल्या अंगाला असेल?"

आमचं कूळ विचारून घेतल्यावर ते खो खो हसले. "मास्तर, आपल्यात वाडा म्हंजी भिंती व्हय? मेंढरं, घोडी, चूल, लेकरं, द्येव, समदं मिळून वाडा. आज हितं, उद्या तितं. त्यो पान्यात कसा बुडंल?"

दोन वर्षं मी भिंतीच शोधत होतो. लाज वाटली, हसू आलं, रडूही आलं. तात्यांनी बोट केलं तिकडं कोकणातून परतलेला एक वाडा उतरला होता. तिथल्या म्हातारीला मी सगळं सांगितलं आणि विचारलं, "आमचा देव कुठला तेही मला माहीत नाही. तुमचा आईला चालेल का?"

"आरं, चालंल का काय इचारतुयास? द्येव वाड्यावरला हाय न्हवं?" तिनं घोंगडीच्या गाठीतला भंडारा माझ्या रुमालात बांधला.

तो आमचाच देव होता का? तो वाडा त्याच दिवशी तिथं कसा उतरला? आजही माझा गोंधळ मिटलेला नाही.

घरी आईच्या कपाळाला भंडारा लावला. तिनं रुमाल नाकाशी धरला. त्याला लोकरीचा वास होता. तिचे डोळे वाहू लागले, आणि दोन वर्षांत पहिल्यांदा ती वेगळं काही बोलली, "वाडा कुठवर आलाय रं?"

"भीमेपर्यंत, आई."

"मग यील की," ती म्हणाली आणि निवांत झोपली.

देवाचा पत्ता विचारायचं मी तेव्हापासून सोडलं. जिथं असेल तिथं त्याला इथूनच हात जोडतो.