बिनराजाचं राष्ट्र

आमच्या गावात आठवडाभर नळाला पाणी आलं नाही तरी व्हॉट्सअ‍ॅपच्या गटावर गुलाबाची फुलं आणि 'शुभ सकाळ' एवढंच येत राहतं. पण माझ्या एका जुन्या विद्यार्थिनीने तिथे एक साधा प्रश्न टाकला आणि दुपारपर्यंत शेजारी शेजाऱ्याशी बोलेनासा झाला.

ही मुलगी कोळीवाड्यातली. शाळेत मी तिला इतिहास शिकवला, म्हणजे ती मागच्या बाकावर बसून वहीत गलबतं काढायची आणि मी ओरडायचे. आता ती नवी मुंबईत व्हिडिओ गेम बनवणाऱ्या कंपनीत आहे. शनिवारी भाऊच्या धक्क्यावरून लाँचने रेवसला उतरते, आईच्या हातचं कालवण खाते आणि रविवारी परत जाते. कंपनी जुन्या काळातल्या लढायांचा गेम करत होती. खेळणाऱ्याने आधी एक राष्ट्र निवडायचं, मग किल्ले बांधायचे, आरमार उभारायचं आणि शेजाऱ्याला बुडवायचं. मराठे, मुघल, इंग्रज, पोर्तुगीज ही मोठी मंडळी आधीच ठरली होती. आमच्या किनाऱ्यावरच्या छोट्या सत्तांसाठी पाच जागा रिकाम्या होत्या आणि त्या भरायचं काम साहेबाने हिच्यावर सोपवलं होतं. नियम सोपा होता. राष्ट्र म्हटलं की राजा हवा, झेंडा हवा, राजधानी हवी. राजा मेला किंवा राजधानी पडली की राष्ट्र हरलं.

शहाण्या मुलीने पाच नावं मनाशी ठरवावीत आणि गप्प बसावं. हिने गावाला विचारलं. गाव म्हणालं, कमिटी नेमू.

कमिटी शाळेच्या हॉलमध्ये भरली. मला अध्यक्ष केलं. "बाई तटस्थ हायत," असं सरपंचबाईंच्या यजमानांनी जाहीर केलं. सरपंचबाई निवडून आल्यापासून घरीच असतात आणि सही करायची असली तरच दिसतात, त्यामुळे जाहीर करण्याचं सगळं काम यजमानांकडे आहे. मी तटस्थ का, हे कुणी बोललं नाही, पण मला माहीत होतं. शिमग्यात आमच्याकडे पालखी घरोघर फिरते आणि कुणाच्या दारी आधी जायची याचा मान ठरलेला असतो. त्यावरून दरवर्षी भांडणं होतात. आमच्या वस्तीत ती कधी आलीच नाही, तळ्यावरून परत फिरते. आजोबांनी बौद्ध धम्माची दीक्षा घेतली त्या दिवसापासून आम्हीही तिची वाट बघणं सोडलं. ज्याला मानच नाही तो कशाला भांडेल? म्हणून मी तटस्थ.

मी काही ताकाला जाऊन भांडं लपवणारी नाही. ती खुर्ची मी घेतली कारण पाचातली एक जागा मला आमच्या लोकांसाठी हवी होती. या किनाऱ्यावरचे तट कुणी राखले, रात्रपाळ्या कुणी केल्या, दगड कुणी वाहिले, हे मी उभा जन्म मुलांना शिकवत आले आणि पुस्तकात मात्र त्यांच्यावर एक ओळ आली नाही. गेममध्ये तरी यावी, एवढंच मनात होतं.

बैठक सुरू झाली आणि लगेच कळलं की हे राष्ट्रं निवडत नाहीत, मान वाटून घेत आहेत. पहिली जागा कुणाची, यावरच तासभर गेला. मच्छीमार सोसायटीचे चेअरमन म्हणाले, समुद्र आमचा, पहिला नंबर आमचा. यजमान मिठागरवाले. ते म्हणाले, मीठ नसतं तर तुमची मासळी कुजली असती. नागावला होमस्टे चालवणाऱ्या नारळीच्या बागाइतदारांनी पणजोबांकडे तोफ होती असं सांगितलं. ती कुठे आहे विचारल्यावर म्हणाले, पाहुण्यांच्या फोटोसाठी रंगवून दारात ठेवली आहे. लाँचवरून निवृत्त झालेले एक चाचा जंजिऱ्याच्या बाजूने बोलायला उठले. त्यांचं आणि सिद्दींचं नातं काय, तर त्यांची सासुरवाडी मुरूडची.

चार जागा अशा गेल्या. पाचवीसाठी मी घसा खाकरला आणि आमचं नाव घेतलं.

मग यजमान अगदी मायेने म्हणाले, "बाई, तुमचं हायच की. सैन्यात हाय. तुमच्याबिगर कुनाचंच चालत न्हाय." हे वाक्य आम्ही पिढ्यानपिढ्या ऐकत आलो आहोत. ते ऐकलं की समजायचं, काम मिळणार, पान मिळणार नाही.

"राजा कोन तुमचा?" चेअरमननी विचारलं. "झेंडा कंचा? राजधानी कुठं?"

जणू यांच्या राजांचे शिलालेख गावभर पडलेत. शेवटी पाचवी जागा मिठागरवाल्यांनाच गेली. यजमानांचं वरचं आगर एक राष्ट्र आणि त्यांच्या चुलतभावाचं खालचं आगर दुसरं, कारण दोघांचं पटत नाही. मुलीने माझ्याकडे पाहिलं. मी नजर दिली नाही. मला संताप आला होता आणि तो मी अध्यक्षाच्या चेहऱ्याखाली दाबून बसले होते.

पुढच्या रविवारी तिने गेमची चाचणी आवृत्ती आणली. पडद्यावर आपला किनारा बघायला अख्खं गाव लोटलं. चेअरमननी गंमत म्हणून पोर्तुगीज घेतले आणि माऊस हाती येताच वरच्या आगराची राजधानी जाळली. पडद्यावर काळी पाटी आली, 'पराभूत'.

यजमान उठून उभे राहिले. "आमी हरलोच कसं? कुनाला इचारून?"

"काका, गेम आहे ना," मुलगी म्हणाली. "कोणीतरी हरणारच."

"हरू द्या की. आमी न्हाय हरनार."

मग बागाइतदारांची तोफ पडली. मग खुद्द चेअरमनांचंच कोळी आरमार त्यांच्याच हातून बुडालं, तेव्हा त्यांनी माऊस आपटला. चाचांनी शांतपणे सांगितलं की जंजिरा कधीच पडला नाही, हा इतिहास आहे, तेव्हा गेममध्येही पडता कामा नये. एवढा एकच मुद्दा त्या दिवशी कुणीतरी बरोबर मांडला. मुलीने परोपरीने समजावलं की पाचही राष्ट्रं अजिंक्य केली तर खेळायचं काय. पालथ्या घड्यावर पाणी.

शिमग्यात कुणाचा मान मोडला की तो पालखीला खांदा देत नाही, दार लावून घरात बसतो. इथेही तेच झालं. "हरवायचं आसंल तर आमचं नावच नको," असं म्हणत एकेक जण उठला. मिठागराचे दोन्ही चुलतभाऊ मात्र एकाच मोटारसायकलवर बसून गेले, एवढा एकोपा मी त्यांच्यात कधी पाहिला नव्हता. चहा प्यायला कुणी थांबलं नाही.

मुलगी माझ्या ओटीवर येऊन बसली. पाची जागा रिकाम्या. साहेब म्हणे तिथे आता डच आणि डेन्मार्कवाले घालणार, त्यांच्याकडून तक्रार यायचा प्रश्न नाही. तिचे डोळे भरले होते. हळूच म्हणाली, "बाई, तुमचे घालू का? तुम्ही हरलात तर तुम्हाला चालेल ना?"

दुसरे रुसले म्हणून उरलेलं ताट आमच्याकडे सरकवणं आम्हाला नवं नाही. मी तिला तसं तोंडावर सांगितलं. ती ओशाळली. पण जागा मला हवीच होती, खोटं कशाला बोलू? म्हटलं, "घाल. पण राजा खोटा नको. झेंडा नको, राजधानी नको. आम्ही जसे होतो तसे घाल."

"असं राष्ट्र कोणी केलं नाहीये, बाई. टेन्शन येतंय."

"मग तू कर."

तिने ते केलं आणि पुन्हा एका रविवारी दाखवायला आणलं. रुसलेले सगळे हजर होते, मागे उभे, आपण सहज आलोय असं दाखवत. चेअरमननी परत पोर्तुगीज घेतले आणि आमच्यावर तुटून पडले. वस्त्या घेतल्या, वाटा घेतल्या, विहिरी घेतल्या. आमची माणसं एका खाडीवरून उठली की दुसऱ्या खाडीवर खड्डा खणून पाणी काढायची आणि उभी राहायची. चेअरमनांच्या कपाळावर घाम आला. काळी पाटी काही येईना.

"ह्ये हरत का न्हाय?" यजमान पुढे आले.

"काका, राजाच नाही ना. मारणार कोणाला? राजधानी नाही, पाडणार काय?" मुलगी म्हणाली. "साहेबांना फार आवडलंय. म्हणाले, हे असंच राहणार."

मी खुर्ची पुढे ओढून पडद्याजवळ बसले.

मागे कुजबुज झाली. मग यजमानांनी घसा साफ केला. "अध्यक्षबाई, एक सूचना हाय. आमाला परत घ्या, आन् आमचा बी राजा काढून टाका. झेंडा बी नको. तुमच्यावानी करा आमाला."

"आमालाबी," बागाइतदार म्हणाले. चाचांनी मान हलवली. चेअरमननी माऊस सोडून हात वर केला आणि मग हॉलभर हात वर आले. मी उभ्या जन्मात असं दृश्य पाहिलं नव्हतं. ज्या गावाला पालखी घेऊन आमच्या वस्तीत यायचं नव्हतं, त्या सगळ्या गावाला आमच्यासारखं व्हायचं होतं. मला आनंद झाला, अगदी निर्लज्जपणे झाला.

"नामंजूर," मी म्हटलं. "राजा घेऊन यायचं असेल तर या. आणि हरायला शिका."