पंधरापैकी पंधरा

१४ मे १९७८, रविवार. गव्हाचा चीक शिजवून ऊन तापायच्या आत अंगणात कुरडया घालायच्या होत्या. आमच्या उंब्रजच्या घरात त्या दिवशी काम मी एकटीच करत होते. बाकी सगळे शिकारीत गुंतले होते.

धाकटे दीर बोटीवर फिटर. सुट्टीवर येताना टीव्ही आणि त्याला जोडायचा एक खेळ घेऊन आले होते. मुंबईचे कार्यक्रम आमच्याकडे नुसते मुंग्यांसारखे दिसत, खेळ मात्र स्वच्छ दिसे. काळ्या पडद्यावर पांढरा चौकोन पळायचा, तो प्लास्टिकच्या बंदुकीने टिपायचा. गल्लीतल्या धडधाकट डोळ्यांच्या माणसांना पंधरात चार-पाच जमले. मामंजींना पंधराच्या पंधरा.

मामंजी म्हणजे माझे सासरे, निवृत्त सुभेदार. त्यांच्या उजव्या डोळ्यातला मोतीबिंदू पिकला होता. मिरजेच्या डॉक्टरांनी सोमवारी ऑपरेशनला बोलावलं होतं. आणखी थांबलात तर डोळा जाईल, असं बजावलंही होतं. वर्षभर मी मागे लागले तेव्हा कुठे ते तयार झाले होते. आता त्यांच्या हाती पुरावाच आला.

"डावा डोळा मिटून मारलंय, सूनबाई. उजवा लख्ख हाय. मिरज रद्द."

"आबांना पलटणीनं परत बोलवाया पायजे," दीर म्हणाले. गल्लीने मान डोलावली.

तेवढ्यात वाऱ्याने टीव्हीमागची खिडकी आपटायला लागली. मी हातातला साचा ठेवून ती लावून घेतली. पुढच्या पंधरा गोळ्यांत मामंजींना एकही गुण मिळाला नाही.

"मशीन बिघडलं," ते म्हणाले.

दिरांनी बंदूक घेऊन चौकोन टिपला, गुण वाढला. मग त्यांनी खिडकी उघडली आणि नेम थेट बाहेरच्या आभाळावर धरला. तरीही गुण वाढला.

"हिच्यातनं काय बी सुटत न्हाई, वहिनी. नळीत एक डोळा हाय. चाप वडला की समोर उजेड हाय का, एवढंच त्यो बघतो. चौकोनाचा हाय का आभाळाचा, त्याला काय ठावं?"

मी मामंजींना म्हटलं, "डावा डोळा मिटूनच चौकोन कुठं आहे, बोटानं दाखवा."

त्यांनी टीव्हीच्या लाकडी पेटीवर बोट ठेवलं. "हितंच असंल की."

गल्ली एकेक करून आपापल्या कामाला गेली. दीर बंदुकीची वायर गुंडाळत बसले.

"कवापासनं दिसत न्हाई?" त्यांनी विचारलं.

"दिवाळीपासनं. उजेड तेवढा कळतो."

"लढाईवर गेला होता तुम्ही, आणि सुरीला भिता?" मी म्हटलं.

"तितं समोरचा दिसायचा मला," मामंजी म्हणाले.

चीक घट्ट होत चालला होता, म्हणून मी अंगणात गेले.

दुसऱ्या दिवशी सकाळी दोन धोतरं, तांब्या आणि दशम्या पिशवीत भरल्या, कुरडया उलटायचं काम दिरांना लावलं आणि पहिल्या एसटीने मामंजींना मिरजेला घेऊन गेले.