स्टँडवरची उपाशी म्हातारी
भाकरी करपल्याचा वास आला की मंगळवेढ्यातली आत्याची चूल आठवते. न घडलेलं लिहिणं म्हणजे नुसत्या थापा, असं वाटून मी माझी पहिलीच कथा त्या चुलीत घालायला निघालो होतो. "आदी वाचून तर दाव की," आत्या म्हणाली. कथेतली म्हातारी सुनेशी भांडून घर सोडते आणि सोलापूरच्या एसटी स्टँडवर उपाशीच बसून राहते. ऐकता ऐकता आत्याचा हात थांबला, तव्यावरची भाकरी करपली. "मग जेवली का न्हाय ती?" "आत्या, ती खरी नाही, मी रचलीय." "तू रचलीस म्हून काय उपाशी मारायची व्हय?" ती खरोखर चिडली होती. कागद चुलीत गेले नाहीत. आता आत्या नाही. पण कथेत कुणाला उपाशी ठेवायचं झालं, की अजून तिचीच भीती वाटते.