गार इंजिनावरची सही

विजू, फोन ठेवू नकोस, नीट ऐक. भाचा असलास म्हणून सोडणार नाही. मोहोळच्या रस्त्यावर तुझी जुनी गाडी तीनदा बंद पडली आणि तू दर वेळी दुसऱ्या दिवशी सकाळी ती मेकॅनिककडं नेलीस! सकाळी इंजिन गार असतं की रे. चावी फिरवली की सुरू. तो म्हणतो, "काय न्हाय झालं." हीच चूक मी फौजेत केली.

मी तेव्हा मिलिटरी नर्सिंगमध्ये लेफ्टनंट. पोस्टिंग राजस्थानात, वाळवंटात. पेट्रोलवरची एकच जुनी ॲम्ब्युलन्स, ड्रायव्हर नाईक बलबीर. रोज सकाळी सहाला फर्स्ट परेड. तेल, पाणी, ब्रेक बघायचे, इंजिन सुरू करायचं. गाडी फिट म्हणून सही माझी.

बलबीर तीनदा म्हणाला, "सिस्टर, गरम होने पर मरती है. वर्कशॉप भेजो."

"परेडला तर एका चावीत सुरू होते तुझी लाडली."

"लाडली है, इसीलिए नखरे."

गाडी वर्कशॉपला गेली तर पोस्टवर दुसरी नव्हती. मी सही करत राहिले.

त्या दिवशी तेरा चाळीसला शिपाई नामदेवला घेऊन निघालो. आपल्या जेऊरचा. ट्रक उलटून पोटाला मार, आत रक्तस्राव. हॉस्पिटल तासाभरावर. चौदा दहाला इंजिन बंद.

बलबीरनं प्लगची वायर काढून पाहिली. ठिणगी नाही. प्लगला वीज पुरवणाऱ्या इग्निशन कॉइलला हात लावला तर चटका बसला. प्यायच्या पाण्यात टॉवेल भिजवून त्यानं कॉइलवर गुंडाळला.

रेडिओवर हॉस्पिटलची विचारणा. "कितना टाइम? ओव्हर."

"ठंडी होने तक. ओव्हर," बलबीर म्हणाला.

नामदेव म्हणाला, "सिस्टर, आमच्या गावच्या एसटीवानी हाय की ही." मी हसले. बोटं त्याच्या नाडीवर होती.

पंचवीस मिनिटांनी इंजिन सुरू झालं. चौदा पंचावन्नला नाडी थांबली. हॉस्पिटलच्या दारात पोचलो पंधरा पाचला.

कॉइल दुसऱ्या दिवशी बदलली. मुठीत मावते एवढी वस्तू.

रिटायर झाल्यावर जेऊरला त्याच्या आईला भेटले. चहा पाजला त्यांनी. मग विचारलं, "बाई, वाटंत लई वेळ लागला का माज्या लेकराला?"

मी म्हटलं, "नाही हो."

बलबीर मागल्या वर्षी गेला. ती पंचवीस मिनिटं आता फक्त मला ठाऊक आहेत. नामदेवच्या आई फार थकल्यात म्हणे.

तू मेकॅनिकला गाडी बंद पडेल तिथंच बोलव, गरम असतानाच ठिणगी बघायला लाव. आणि विजू, लवकर ये रे सोलापूरला. या रविवारीच ये. मला जेऊरला जायचंय, आणि त्या दारात एकटीनं उभं राहायला मला जमत नाही.